समुद्रमाशास गोड्या पाण्याचे स्नान

समुद्रातील मासा गोड्या पाण्यात सोडला तर मरतो, अशी सामान्य समजूत आहे. बहुतेक जातींच्या बाबतीत ती खरीही आहे. पण मासा तत्काळ मरत नाही. हा जो थोडा अवधी मिळतो, त्याचाच उपयोग सागरी मत्स्यालये बाळगणारे लोक नव्याने आणलेल्या माशाच्या अंगावरील परोपजीवी काढून टाकण्यासाठी करतात.

प्रवाळभित्तीजवळून पकडून आणलेल्या एंजल माशाचे उदाहरण घेऊ. त्याच्या कातडीवर, डोळ्यांवर वा कल्ल्यांपाशी निओबेनेडेनिया वंशाचे चपटे कृमी चिकटलेले असू शकतात. त्यांची लांबी काही मिलिमीटर असली, तरी ते पारदर्शक असल्यामुळे दिसत नाहीत. मासा दगडावर अंग घासतो, त्याचे डोळे धुरकट होतात, आणि काचपेटीसारख्या कोंडलेल्या जागेत कृमींची संख्या झपाट्याने वाढून अखेर तो दगावतो.

गोड्या पाण्याने कृमी मरतो आणि मासा वाचतो, हे कसे? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हाडांचा सांगाडा असलेल्या समुद्रमाशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश इतकेच असतात. पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंस क्षारांचे प्रमाण निराळे असले, की पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. यास तर्षण म्हणतात. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींस पाणी सुटते, ते याच कारणाने. समुद्रमाशाच्या शरीरातून पाणी असेच सतत बाहेर जात असते. ती तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो, असे होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये दाखविले. जास्तीचे मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशी बाहेर टाकतात.

गोड्या पाण्यात हा प्रवाह उलटतो व पाणी आत शिरू लागते. परंतु माशाचे अंग खवल्यांनी व बुळबुळीत स्रावाने झाकलेले असते, आणि पाणी मुख्यतः कल्ल्यांवाटेच आत जाते. त्यामुळे काही मिनिटे तरी त्याचे रक्त फारसे बिघडत नाही. नाजूक कातडीच्या इवल्याशा कृमीपाशी असे संरक्षण नसते. तो फुगतो, शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा अपारदर्शक होतो आणि गळून पडतो. भांडे गडद रंगाचे असल्यास तळाशी पडलेले हे पांढरे ठिपके चटकन दिसतात व रोगाचे निदानही आपोआप होते.

या उपचारात मासे दगावतात, ते पुष्कळदा मिठाच्या अभावाने नव्हे, तर पाणी नीट तयार न केल्यामुळे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळतो. म्हणून तो सोडियम थायोसल्फेटने आधी नाहीसा करावा. पाण्याचे तापमान पेटीतील पाण्याइतकेच असावे. ते हाताने न अजमावता तापमापकाने पाहावे. गोड्या पाण्याचा पीएच बहुधा समुद्राच्या पाण्याहून कमी असतो. खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून तो ८.१ ते ८.३ पर्यंत आणावा. पाण्यात तासभर हवेचे बुडबुडे सोडावेत आणि स्नान चालू असतानाही ते थांबवू नयेत.

मग मासा अलगद पाण्यात सोडावा आणि घड्याळ समोर ठेवावे. पहिल्या वेळी ३ मिनिटे पुरेत; मासा सशक्त असेल तर ५ मिनिटे. पहिल्या काही क्षणांत तो सैरावैरा धावतो किंवा कुशीवर पडून राहतो. नवशिके येथेच घाबरतात. कल्ल्यांची उघडझाप नियमित चालू असेल, तर भिण्याचे कारण नाही. ती मंदावली किंवा स्पर्श करूनही मासा हलेना, तर मिनिटांचा हिशेब सोडून त्यास त्वरित खाऱ्या पाण्यात न्यावे. लांबच्या प्रवासाने थकलेला मासा आला त्याच घटकेस बुडविण्याची घाई काही जण करतात, ती बरी नव्हे. फार दमलेल्या माशास एक-दोन दिवस निराळ्या पेटीत विसावू द्यावे.

हे स्नान सर्वांस मानवत नाही. मुशी व पाकट यांच्या रक्तात युरिया साठविलेला असल्याने ते सागरजलाच्या तोडीचे असते. त्यांच्या अंगात पाणी फार वेगाने शिरते. कोळंबी, तारामासे व प्रवाळ यांची गत तर कृमींसारखीच होते. उलट, सामन हा नदी व समुद्र दोहोंत राहणारा मासा असल्याने टास्मानियातील मत्स्यशेतीत कल्ल्यांच्या अमीबाजन्य रोगावर त्यास दोन-तीन तास गोड्या पाण्यात ठेवतात.

क्रिप्टोकॅरियॉन या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मात्र या स्नानाची मदार ठेवू नये. तो जीव कातडीच्या आत दडलेला असतो व तेथे गोडे पाणी त्यास गाठू शकत नाही. चपट्या कृमींची अंडीही गोड्या पाण्याने मरत नाहीत. त्यांना चिवट तंतू असतात आणि ती जाळीस व पेटीतील वस्तूंस चिकटून राहतात. म्हणून स्नानानंतर मासा जुन्या पेटीत परत न सोडता काही आठवडे स्वच्छ, स्वतंत्र पेटीत ठेवतात, सुमारे आठवड्याने पुन्हा स्नान घालतात, आणि स्नानाचे पाणी कोणत्याही पेटीत न मिसळता टाकून देतात.