तूस कोरडा, मग डबा बंद

सावळघाट चढून पेठकडे निघालं की पावसाळ्यात रस्ता धुक्यात हरवतो. शेतात भातलावणीची घाई चाललेली, आणि ब्रॉयलरच्या शेडमध्ये निराळीच धांदल. पडद्यांच्या फटीतून झड आत येते, खाली अंथरलेल्या तुसाच्या ढेपा बांधतात, अमोनियाने डोळे चुरचुरतात, विष्ठा पातळ होते. अशा वेळी बहुतेक पोल्ट्रीवाले आधी अँटिबायोटिकच्या डब्याकडे हात नेतात. आमच्या भागात ज्यांनी ऐन आषाढात हा डबा एका झटक्यात बंद केला, त्यांची बॅच अडचणीत आली आणि सगळा दोष अँटिबायोटिकऐवजी वापरलेल्या पर्यायांच्या माथी मारला गेला. खरा दोषी पायाखालीच होता.

वाढीसाठी अँटिबायोटिक चारण्याची सवय 1940 च्या दशकाच्या अखेरची. अमेरिकेतल्या लेडरली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड पिल्लांसाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक काढून उरलेला चोथा पिल्लांना चारला, तर ती अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. तिथून हे औषध रोज थोडंथोडं खाद्यात जाऊ लागलं. पण अशी अपुरी मात्रा सगळे जंतू मारत नाही; जे तग धरतात त्यांचीच पैदास वाढते. कोलिस्टिनचंच पाहा: हे माणसाच्या गंभीर संसर्गात हाताशी उरलेलं शेवटच्या फळीतलं औषध. त्याला दाद न देण्याची ताकद जंतूला देणारा, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारा जनुक चीनमध्ये सापडल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. भारताने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी आणली.

डबा बंद केला तर धंदा बुडेल का? डेन्मार्कने याचं उत्तर हिशेबासह दिलं आहे. तिथल्या ब्रॉयलर उत्पादकांनी 1998 च्या सुरुवातीला वाढवर्धक अँटिबायोटिक स्वतःहून थांबवले. पुढे हजारो कळपांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मर वाढलेली नव्हती. एक किलो वजनामागे खाद्य जेमतेम 16 ग्रॅम जास्त लागलं होतं. तिथल्या शेड कोरड्या आणि हवेशीर असतात, ही गोष्ट मात्र पेठमध्ये बसून तो आकडा वाचताना विसरायची नाही.

म्हणून सुरुवात तुसापासून. मूठभर तूस दाबून पाहावा. गोळा बांधला आणि तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. रोज हलवणं, ढेपा उचलून बाहेर टाकणं, पाण्याच्या निपलची गळती थांबवणं, वाऱ्याची बाजू बघून पडदा वरून थोडा उघडा ठेवणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. पण आतड्याचं निम्मं आजारपण इथेच टळतं. एका पक्ष्याला एक चौरस फूट हा रिवाज पावसाळ्यात सैल करावा, पिल्लंच कमी टाकावीत.

त्यानंतर खाद्य. बॅसिलस जातीचे प्रोबायोटिक बीजाणूच्या रूपात असतात, म्हणून पेलेट बनवतानाची उष्णता ते सोसतात. लॅक्टोबॅसिलसचं तसं नाही. सेंद्रिय आम्लं पाण्याचा सामू उतरवतात आणि साल्मोनेलासारख्या जंतूंना अडवतात. यीस्टच्या पेशीभित्तिकेतली शर्करा काही जंतूंना आतड्याला चिकटू देत नाही. ओव्यातल्या थायमॉलचा उपयोग आहे. पण घरी कुटलेल्या ओव्यात त्याचं प्रमाण दरवेळी वेगळं, त्यामुळे वासावर भरवसा ठेवू नये. लसोटा ही लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी पाण्यात क्लोरीन नको, आम्लही नको.

आणि एक घोटाळा टाळायलाच हवा: अँटिबायोटिकसोबत रक्ती हगवणीवरचं खाद्यातलं औषधही बंद करण्याचा. ही हगवण घडवणाऱ्या कॉक्सिडियाने आतड्याला जखमा केल्या की क्लॉस्ट्रिडियम हा जंतू तिथेच फोफावतो. एका बॅचला एकच गोष्ट बदलावी, तीही दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत. पक्षी खरंच आजारी पडले तर पशुवैद्यकाने लिहून दिलेलं अँटिबायोटिक जरूर द्यावं. ते थांबवल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत मात्र माल विकू नये.

कंपनीच्या करारावर पिल्लं वाढवणाऱ्याच्या हातात खाद्य नसतं. तरी गोणीवरची चिठ्ठी वाचता येते. बॅसिट्रॅसिन, एनरामायसिन, टायलोसिन यांपैकी एखादं अँटिबायोटिक दिसलं, तर सुपरवायझर वजन करायला येईल तेव्हा ती चिठ्ठी त्याच्यापुढे धरावी आणि हे कशासाठी घातलंय, ते विचारावं.