विमान आधी कोठून जोडायचे?

विमाने कारखान्यातच तयार होतात, असे आपण समजतो. मोठी विमाने तशीच होतात. पण अमेरिकेत काही लोक लहान विमान घरीच जोडतात. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी घराजवळच्या शेडमध्ये काम करायचे. अशी हौस असणाऱ्या लोकांची एक मोठी संघटना तेथे १९५३ साली निघाली. ती आजही चालू आहे.

तेथे ऑरेगन नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी विमानाचे सुटे भाग पेट्यांत घालून विकते. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेटी, नळ्या, नकाशे, सारे काही त्यात असते. या कंपनीचे आरव्ही-७ नावाचे एक विमान आहे. त्यात दोन माणसे बसतात. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सुमारे २५ फूट भरते.

समजा, पेट्या घरी आल्या. आता आधी काय जोडायचे?

एखादा म्हणेल, "आधी इंजिन आणू. तेच तर खरं!" दुसरा म्हणेल, "आधी पंख जोडू. पंख उभे राहिले की हुरूप येईल."

जाणते लोक यातले काहीच करीत नाहीत. ते शेपटापासून सुरुवात करतात. कंपनीही शेपटाची पेटी वेगळी व पहिली देते. मग पंख, मग धड, आणि इंजिन शेवटी.

शेपूट आधी का? कारण शेपूट लहान असते. नवा हात चुकणारच. छोटा पत्रा बिघडला, तर तो थोड्या पैशात पुन्हा आणता येतो. पंखाचा मोठा पत्रा बिघडला, तर खिसा रिकामा होतो. शिवाय हे काम आपल्याला जमणारे नाही, असे कोणाला शेपूट जोडतानाच कळते. तो तेथेच थांबतो आणि पुढच्या पेट्या मागवीत नाही. मला विचाराल तर यात लाज काहीच नाही.

आता एकेक भाग कसा जोडतात ते पाहा. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, सदरा अंगाला लावून पाहतो, आणि मगच मशीन चालवतो. येथेही तसेच असते. पत्रे आधी कमानीच्या खिळ्यांनी नुसते अडकवायचे. भोके बरोबर करायची. मग सारे पुन्हा सुटे करायचे! भोकांच्या कडेला बारीक कंगोरे राहतात, ते घासून काढायचे. हे काम फार कंटाळवाणे असते. पण कंगोरा राहिला तर पुढे तेथूनच पत्र्याला चीर जाऊ शकते. मग रंगाचा पहिला हात द्यायचा आणि शेवटी रिव्हेटी ठोकायच्या.

रिव्हेट ठोकायला पुष्कळदा दोघे लागतात. एक जण बाहेरून ठोकतो. दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. म्हणून आत हात जाईल तोवरच काम होते. गादीचे तोंड शिवल्यावर आत कापूस भरता येईल का? पंखाचेही तसेच आहे. आरव्ही-७ च्या पंखाचा वरचा पत्रा आधी बसवतात. मग आतल्या तारा व नळ्या घालतात आणि कोणातरी जाणत्या माणसाला आतले काम दाखवतात. खालचा पत्रा सर्वांत शेवटी लागतो. तो लागला की आतली चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच पंखावर दोन जीव आकाशात जायचे असतात.

पेट्रोलची टाकीही पंखातच असते. ती आधी हवा भरून पाहतात. सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला तर टाकी गळते. हे तेव्हाच पाहिले तर बरे. पंख धडाला लागल्यावर गळती दिसली, तर पुन्हा सारे उस्तरावे लागते.

इंजिन शेवटी का, तेही सांगतो. फावल्या वेळात विमान जोडायला दोन-चार वर्षे सहज जातात. इंजिन फार महाग असते आणि नुसते पडून राहिले की आतून गंजू लागते. त्याची हमीचीही मुदत असते. विमान तयार व्हायच्या आतच ती संपायची!

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. शेडचे दार केवढे? म्हणूनच पंख पुष्कळदा विमानतळावर नेऊन मगच धडाला लावतात. आपल्या मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचे विमान बांधले. ते पेटीतले नव्हते, त्यांचे स्वतःचेच होते. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात ठेवायचे ठरले. तेव्हा विमान सुटे करून क्रेनने खाली उतरवावे लागले.

सारे जोडून झाले की विमान तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोलतात. पुढे किती भार, मागे किती, हे त्यावरून कळते. मग सरकारचा तपासनीस येतो, कागद पाहतो, विमान पाहतो आणि परवाना देतो. तरीही बायकोमुलांना लगेच विमानात बसवता येत नाही. आधी पुष्कळ तास विमान उडवून पारखावे लागते, बहुधा २५ किंवा ४० तास. तोपर्यंत हौसेने बसायला कोणी मागितले, तरी त्याला खालीच उभे राहावे लागते.