सायकलीचा दिवा व पायांची वीज

रात्रीं सायकलीवरून गांवोगांव जाणाऱ्या मनुष्यास दोन प्रकारचे दिवे ठाऊक असतात. एकास बॅटरी लागते. ती संपली कीं वाट अंधारी. दुसऱ्यास बॅटरी नको. चाक फिरूं लागलें म्हणजे तो आपोआप उजळतो. ह्या दुसऱ्याची वीज फुकट मिळते असें पुष्कळांस वाटतें. ती फुकट नाहीं. तिची किंमत कोण देतो, हें आज पाहूं.

मायकेल फॅराडे हा लंडनच्या एका लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं उमेदवारी करीत असतां, बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूनच तो पुष्कळ शिकला. पुढें 1831 सालीं त्यानें तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक सारला व बाहेर काढला; तेव्हां तारेस जोडलेल्या मापकाचा कांटा हलला. चुंबक स्थिर होतांच कांटाही पूर्वस्थानीं आला. म्हणजे नुसता चुंबक जवळ असून भागत नाहीं. तो हलला पाहिजे.

सायकलीचा डायनामो हा तोच प्रयोग एका लहान बाटलीसारख्या डबींत करतो. डबीच्या तोंडाशीं असलेली चकती टायरच्या कडेस टेकते व चाकाबरोबर फिरते. तिच्या दांड्यावर चुंबक असतो, त्याच्याभोंवतीं तारेचें वेटोळें. नेहमींचा डायनामो 6 व्होल्टांचा व 3 वॉटांचा असतो, त्यांतून 2.4 वॉट पुढच्या दिव्यास व 0.6 वॉट मागच्या तांबड्या दिव्यास मिळतात. जुन्या तारेच्या बल्बांत मागचा बल्ब जळाला तर त्याच्या वांट्याचा प्रवाहही पुढच्यावर येतो, आणि जोरानें चालविल्यास तोही जळतो. म्हणून मागचा दिवा गेला तरी चालेल असें म्हणूं नये.

आतां किंमत. सायकल स्टँडवर उभी करून डायनामो टायरला टेकवा. दिव्याची तार काढून चाक हातानें फिरवा; नंतर तार जोडून तितक्याच जोरानें फिरवा. दुसऱ्या वेळीं तें लवकर थांबेल. वेटोळ्यांत वाहणारा प्रवाह चुंबकास मागें ओढतो, हा नियम लेंझ नांवाच्या शास्त्रज्ञानें 1834 सालीं मांडला. ती ओढ पायांनीं सोसावयाची. शिवाय चकतीच्या घर्षणांतही श्रम वायां जातात. 3 वॉटांच्या उजेडासाठीं सात-आठ वॉट किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालविणारा मनुष्य सुमारें 75 वॉट खर्च करतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे चढावर डायनामो कां जड वाटतो तें कळेल. चाकाच्या तुंब्यांतच बसविलेला डायनामो टायरला घासत नाहीं, म्हणून तो हलका चालतो व पावसांत घसरतही नाहीं. मात्र महाग पडतो.

दिवा लागेना तर आधीं बल्बास दोष देऊं नका. पुष्कळ सायकलींत तार एकच असते. परतीची वाट सायकलीचें लोखंड. डायनामोचा स्क्रू रंगावर किंवा गंजावर बसला तर वाट तुटते. तेवढी जागा खरवडून स्वच्छ करावी. तसेंच डायनामोच्या दांड्याची रेघ चाकाच्या मध्याकडे रोखलेली असावी. तिरपी बसल्यास चकती टायर कापते.

एक उणीव मात्र जुन्या डायनामोच्या स्वभावांतच आहे. सायकल थांबली कीं दिवा विझतो, आणि मागून मोटार येत असतां रस्त्यावर उभा राहिलेला मनुष्य नेमका तेव्हांच दिसेनासा होतो. नव्या एलईडी दिव्यांपैकीं पुष्कळांत लहानसें कपॅसिटर असतें. चालतांना तें थोडी वीज सांठवितें व थांबल्यावर कांहीं मिनिटें दिवा तेवत ठेवतें. मात्र डायनामोचा प्रवाह उलटसुलट वाहणारा असतो, म्हणून बॅटरीचा एलईडी दिवा त्यास तसाच जोडूं नये. डायनामोसाठीं केलेलाच मागून घ्यावा. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर असा दिवा प्रथम मागच्या बाजूस बसवावा.