मूल का मारतं, का चावतं? आधी समजून घेऊ या



या महिन्याचा पाठ मुलांच्या वागण्यावर आहे. काही मुलं बोलत नाहीत, डोकं भिंतीवर आपटतात, दुसऱ्याला चावतात, नाहीतर हात सुटला की रस्त्याकडे पळतात. ऑटिझम (स्वमग्नता) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत असं जास्त दिसतं. मजुरीला जाताना आई अशा मुलाला घरात कोंडते, कधी खांबाला बांधते. हौसेने कोणी बांधत नाही, रोज बुडाला तर चूल कशी पेटणार? पण बांधलेलं मूल काही शिकत नाही. त्याची भीती आणि राग मात्र वाढतो.

वागणं म्हणजे बोलणंच

ज्याला शब्द नाहीत, ते मूल वागण्यातून सांगतं. बहुतेक वेळा कारण या चारपैकी एक असतं:

1. काहीतरी हवं आहे – खाऊ, पाणी, मोबाईल.
2. काहीतरी नको आहे – गर्दी, अंघोळ, अवघड काम.
3. कोणीतरी माझ्याकडे बघावं.
4. शरीराला तसं करून बरं वाटतं, किंवा आवाज, उजेड सहन होत नाही. होळीचे ढोल वाजले की एखादं मूल कान दाबून ओरडतं, ते यामुळेच.

एक गोष्ट विसरू नका. वागणं अचानक बिघडलं तर आधी दुखणं बघा. कान, दात, पोट साफ न होणं, ताप. सांगता येत नाही म्हणून मूल डोकं आपटत असेल.

तीन रकान्यांची वही

गटाच्या हिशोबाच्या वहीसारखीच ही वही. आठ दिवस लिहा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या.

समजा, सात वर्षांची मुलगी आहे. आधी: आई भाकरी करत होती. केलं: मुलीने भावाला चावलं. नंतर: आईने तिला गप्प करायला मोबाईल दिला. असं चार वेळा झालं तर मुलगी काय शिकली? चावलं की मोबाईल मिळतो. ती वाईट नाही, तिला तेवढीच एक वाट माहीत आहे.

मग करायचं काय?

- दुसरी वाट शिकवा. मोबाईल हवा तर हात पुढे करणं, चित्राला बोट लावणं. तसं केलं की लगेच द्या. चावल्यावर देऊ नका.
- चांगलं वागताना बघितलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या.
- पुढे काय होणार ते आधी सांगा, दाखवा: "आता अंघोळ, मग खाऊ."
- घरात सगळ्यांनी एकच नियम पाळा. आई नाही म्हणते आणि आजी देते, असं झालं तर उपयोग नाही.
- पहिले काही दिवस त्रास वाढेल. जुनी वाट बंद झाली म्हणून मूल जास्त जोर लावतं. तेव्हा न मारता, न ओरडता टिकून राहा. मात्र स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तर थांबवायलाच हवं, आणि तज्ज्ञाला लवकर दाखवायला हवं.

तज्ज्ञ याच पद्धतीने काम करतात. त्याला वर्तन उपचार म्हणतात. सोबत वाचा उपचार, खेळ आणि हाताच्या कामातून उपचारही असतात. याने ऑटिझम जात नाही, पण मूल सांगायला शिकतं आणि घराचा त्रास कमी होतो. भगताकडे जायचं तर तो घराचा प्रश्न, पण चटका किंवा मार देऊ देऊ नका, आणि डॉक्टरकडे जाणं थांबवू नका.

मदत कुठे मिळते?

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. तपासणी 18 वर्षांपर्यंत मोफत. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारा.
- टेली-मानस: 14416. दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. थकलेल्या आईनेही स्वतःसाठी फोन करावा.
- दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही येतात. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

बैठकीत चर्चा करा

1. आपल्या पाड्यात असं मूल कोणत्या घरात आहे? त्या ताई बैठकीला येऊ शकतात का?
2. आई मजुरीला जाते तेव्हा आळीपाळीने दोन तास कोण बसेल?
3. "वेडं" हा शब्द आपण बंद करू शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरावात लिहा, नावं आणि वार टाकून. नावं ठरली की दोरी सोडता येते.