काम सुटलं, आता मनही सुटतंय

प्रश्न : माझे पती जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात होते. दिवाळीनंतर काम सुटलं. आता दिवसभर पडून असतात, नीट जेवत नाहीत, रात्री जागेच. सासरे म्हणतात, आळस भरलाय. काम लागलं की आपोआप ठीक होईल. खरंय का?
– एक वाचक, पिंप्राळा

उत्तर : ताई, याला आळस म्हणू नका. 1930च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडली. हाती वेळच वेळ, तरी लोक वाचनालयातून पुस्तकंसुद्धा कमी नेऊ लागले, असं अभ्यासकांना दिसलं. पगाराबरोबर दिवसाची घडीही मोडते. काम लागेपर्यंत थांबू मात्र नका. झोप-भूक उडालेला माणूस काम मागायला तरी कसा जाईल?

उठायची वेळ शिफ्टचीच ठेवा. सकाळी भाजीबाजारात सोबत न्या. जुन्या सोबत्यांकडे जाऊ द्या, कामाची खबर बहुधा तिथूनच लागते. ‘आज काही जमलं का?’ हे रोज संध्याकाळी विचारणं सासऱ्यांनी थांबवलं तरी निम्मं ओझं उतरेल.

झोप-भूक उडणं दोन आठवड्यांहून अधिक चाललंय, म्हणजे डॉक्टरांना दाखवाच. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर घाबरू नका, नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. दारू टाळा. ‘जगून काय करू’ असं बोलले, तर एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आधी हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.