चित्र थिजतं तेव्हा

१. पहिला संशय नेहमी नेटवर येतो. पण नेट गेलं तर पडद्यावर चाक गरगरतं आणि माऊसचा बाण हलत राहतो. आईच्या लॅपटॉपवरच्या मालिकेत मात्र बाणही गोठायचा, शेवटचा आवाज घरघरत राहायचा. म्हणजे दुखणं घरातलंच होतं. हा फरक शेजारच्या पोराने चहा पिता पिता दाखवला. मी तोवर राउटरशी भांडत होतो.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धीर आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडून घ्यावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे आली. तरी १९०६पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने मोजमाप चालू होतं. नव्या जागेचे आकडे जुन्याशी ताडून पाहिल्यावरच कुलाबा सोडलं. आपला हात मात्र ब्राउझर, ड्रायव्हर, अँटिव्हायरस एकदम बदलायला शिवशिवतो. मग गुण आलाच, तर कशाचा?

३. किनाऱ्यावर राहिलं की प्रत्येक बिघाड खाऱ्या वाऱ्याच्या माथी मारता येतो. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं; पावसाळ्यात आमच्याकडची कुठलीही मिठाची बरणी साक्ष देईल. पंख्याच्या जाळीत धूळ ओली होऊन थापली गेली होतीच. साफ केल्यावर पंख्याचा आवाज कमी झाला. चित्र थिजायचं ते थिजतच राहिलं.

४. ब्राउझरमधलं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद केलं आणि व्हिडिओ सुरळीत चालला. वेग वाढवणारी सोय काढल्यावर गाडी धावली, याची मला अजून गंमत वाटते. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडून मुख्य प्रोसेसरकडे गेलं, म्हणून पंखा पुन्हा कोकलू लागला. पण संशयित हाती लागला.

५. दुरुस्तीआधी फोटो दुसरीकडे उतरवावेत. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर इथे कुणी ‘उद्या करू’ सहज म्हणत नाही.

६. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड बदला. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून तोच व्हिडिओ लावला. दुपारभर निमूट चालला! चिप बहुधा बरी होती; संशय ड्रायव्हरवर आला. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा जुना ग्राफिक्स ड्रायव्हर घातला आणि ती बंद केलेली सोय पुन्हा चालू केली. आता चित्र थांबलं की आई मला हाक मारते. बहुतेकदा तिचाच हात स्पेसबारवर पडलेला असतो.