वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे



साथीचा रोग शरीराला होतो, पण मनालाही घायाळ करतो. औषधाने ताप उतरतो; ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास झाला’ ही टोचणी आणि शेजाऱ्यांनी फिरवलेली पाठ मात्र पुष्कळ दिवस सलत राहते.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. रँडसाहेबांच्या हुकमाने सैनिक घरात शिरून झडती घेऊ लागले, रोग्यांना बळाने हलवू लागले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसाला लपवू लागले. भीतीने रोग थांबत नाही, तो दडतो. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

साथीत रोग्याला वेगळे ठेवावेच लागते. पण वेगळे ठेवणे निराळे आणि वाळीत टाकणे निराळे. पहिले रोगाविरुद्ध असते, दुसरे माणसाविरुद्ध. मार्कच्या शुभवर्तमानात (१:४०-४५) प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो आणि बरे झाल्यावर त्याला याजकाकडे पाठवतो, म्हणजे समाजाने त्याला पुन्हा आपल्यात घ्यावे.

मग आपण काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली तीन साध्या पायऱ्या सांगितल्या.

पाहा: त्या घरात औषध, किराणा आहे ना? वृद्ध, मुले एकटी नाहीत ना?

ऐका: रडू द्या, बोलू द्या. ‘कुठून आणलास हा रोग?’ असे विचारू नका.

जोडून द्या: डॉक्टरांशी, नातेवाइकांशी आणि कामाशीही. आपल्या हुपरीत एक पैंजण तयार होईपर्यंत अनेक घरांतून फिरते. बरा झालेला कारागीर या साखळीत परत आला पाहिजे. कोणी ‘जीव नकोसा झाला’ म्हणाल्यास त्याला एकटे सोडू नका. शासनाच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

कोरोनाची २०२०-२१ची साथ सरली, पण क्षयरोग आजही आपल्यात आहे. तो ताटवाटीतून पसरत नाही, तरी कित्येक घरांत रुग्णाचे ताट निराळे असते. औषधे नियमित सुरू झाली की काही आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. उपचार मात्र महिनोन्‌महिने चालतात. तेवढे दिवस त्याच्या दारात जाऊन विचारपूस करणारा कोणीतरी हवा. या आठवड्यात आपल्या गल्लीत तो ‘कोणीतरी’ आपण होऊ या.